नापास ताऱ्याचा चंद्र

खडेकाका माझ्या दुकानात आले की आधी कॅलेंडर उलटं करतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. चपला पायरीवर, पिशवी काउंटरवर, आणि स्वतः सरळ खिळ्याकडे. माझ्या त्या खिळ्यावर तीन वर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली असतात, कारण फॉर्म भरायला येणाऱ्यांना कधी कुठली जुनी तारीख लागेल याचा नेम नसतो. काका तो सगळा गठ्ठा उतरवतात आणि तोंड भिंतीकडे करून परत टांगतात. मग सगळ्यात जुन्या डिसेंबरच्या पाठीवर छापलेली गाजराच्या वड्यांची कृती दिवसभर गिऱ्हाइकांना दर्शन देत राहते. सातबारा काढायला आलेल्या एका आजोबांनी ती कागदावर उतरवून नेली आहे.

"काका, कॅलेंडरनं तुमचं काय घोडं मारलंय?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"खोटारडं हाय ते," काका म्हणाले. "खोटं बोलनारं समोर नको मला."

मला राग आला. मुळात मी तापट माणूस. कर्जतच्या बाजारपेठेत झेरॉक्सचं दुकान चालवून शांत राहिलेला माणूस मला दाखवा. सर्व्हर सरकारचा बंद पडतो आणि शिव्या मी खातो. त्यात हा माणूस स्वतःच्या घरच्यासारखा माझ्या खिळ्याला हात घालतो. पण मी काही बोलायच्या आत काकाच माझ्यावर ओरडले, की तुझ्या प्रिंटरचा रोलर डुगडुगतोय, आठ दिवसांत बसेल. सहाव्या दिवशी बसला. तेव्हापासून मी कॅलेंडर सोडून दिलं.

काशिनाथ खडे खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. घर पळसदरीला, तिथून जुन्या स्कूटरवर कर्जतला येतात. आणि आता त्यांचा उद्योग काय, तर चंद्र शोधणं. आपला नव्हे, आपला सापडलेला आहे. फार फार लांब एक तारा आहे, त्याच्याभोवती एक तपकिरी बटू फिरतो, आणि त्या बटूभोवती एखादा चंद्र फिरतो का, हे काका स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, लॅपटॉपवर, भर दुपारी शोधत असतात.

भर दुपारी हे मुद्दाम सांगतो, कारण कोणीही ऐकलं की पहिलं हेच विचारतं, "दुर्बीण कुठाय तुमची?" यावर काकांचा पारा चढतो.

"तुझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचायचा तर डाक्टरनं स्वता सुई मारायला पायजे काय रं? मोजमापं त्यांची, डोकं माझं!"

मोजमापं म्हणजे परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींची. ती काही काळाने इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करतात. लोक तिथून काय घेत असतील ते असो, काका आकडे घेतात.

तपकिरी बटू म्हणजे तारा व्हायला निघालेला, पण वजन कमी पडल्यामुळे आतली भट्टी धड पेटलीच नाही असा गोळा. ग्रहाहून मोठा, ताऱ्याहून लहान. एका वर्तमानपत्राने त्याला 'नापास तारा' असं छापलं, त्या दिवशी काका दुकानात आले ते हातात कात्रण घेऊन. "नापास? पेपर कुनी काढला? तपासला कुनी? पेटला नाय म्हनून काय झालं, धग हाय ना त्याच्यात!" संपादकांना पत्र लिहिलं, टाईप मी केलं. छापून आलं नाही. त्यावर दुसरं पत्र, पहिल्याहून कडक. तेही नाही. काकांनी तो पेपर बंद केला आणि शेजाऱ्यालाही बंद करायला लावला.

"एवढे मोठे लखलखीत तारे सोडून त्या विझक्यामागे का लागलात?" मी एकदा विचारलं.

"उजेडाच्या मागं सगळेच लागतात," काका म्हणाले. "ह्याला कोन हाय?"

आता तो चंद्र काही दिसत नाही. बटूच मुळात जेमतेम दिसतो. मग शोधायचा कसा? हे काकांनी मला ज्या तऱ्हेने समजावलं त्या तऱ्हेने शाळेत कोणी समजावलं असतं तर मी आज झेरॉक्स काढत बसलो नसतो. "जत्रंत बाप पोराचे दोन्ही हात धरून गरागरा फिरवतो. लांबून पोरगं दिसत नाय, लहान हाय. पन बाप मागं-पुढं डुलतो का नाय? बाप डुलला म्हंजे हाताला पोर हाय." बटू आपल्याकडे डुलला की त्याचा प्रकाश किंचित निळ्या बाजूला सरकतो, मागे गेला की तांबड्या बाजूला. त्या सरकण्यावरून वेग काढायचा, आणि वेगाचं कमी-जास्त होणं किती दिवसांनी परत येतं ते बघायचं. तेवढ्या दिवसांत चंद्राचा एक फेरा. "दिसतं त्याला भुलू नको," हे काकांचं पालुपद, "हलतंय ते बघ."

डुलण्याचं त्यांना जन्मभराचं वेड. कारखान्यात एकदा एक पंप थरथरत होता. पोरांनी तो तीनदा खोलला, तीनदा जोडला, थरथर जाईना. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली. मग टोक जमिनीला टेकवलं. आणि म्हणाले, "पंपाला सोडा. ह्यो आवाज ह्याचा नाय, शेजारच्याचा हाय." भिंतीपलीकडच्या कॉम्प्रेसरचा पाया ढिला झाला होता, आणि त्याची थरथर जमिनीतून पंपात येत होती. ही गोष्ट मी वीसेक वेळा ऐकली आहे. दर वेळी त्या पोरांवर काका नव्याने चिडतात.

काकांची माझ्याकडची कामं तीन. पहिलं, आलेख छापणं. दुसरं, परदेशातल्या शास्त्रज्ञांना ईमेल. काका मराठीत सांगतात, मी इंग्रजीत पाठवतो. काका सांगतात, "लिही, तीन महिने झाले, झोपा काढता काय?" मी लिहितो की आपल्या उत्तराची नम्रपणे वाट पाहत आहे. एवढ्या नम्रपणाला उत्तर कधी आलं नाही. मला त्या न पाहिलेल्या विद्वानांचा असा राग यायचा की वाटायचं, एकदा काकांचं आहे तसं पाठवून द्यावं.

तिसरं काम महिन्यातून एकदा. एक चिठ्ठी. तिच्यावर फक्त एक आकडा, दुरून दिसेल असा ठळक आणि मोठा. कधी ८.५८, कधी ९.३६, कधी १०.०४. मला वाटे, असेल कुठल्या तरी ताऱ्याचं काहीतरी. विचारलं की "तुला काय करायचंय, छाप" एवढंच.

कामं झाली की बाजूच्या गाडीवरून वडे. कर्जतला येऊन वडा न खाणं हा काकांच्या मते गुन्हा आहे. दोन वडे, वर तळलेली मिरची मागून घेणार, आणि वडेवाल्याला तेलावरून झापणार. फक्त अधूनमधून त्यांचं पोट बिघडतं. मग कितीही आग्रह करा, हात लावत नाहीत. वयच झालं, मी म्हणायचो.

तर दिवाळीनंतर एके दिवशी काका आले, कॅलेंडर उलटं केलं, आणि खुर्चीवर बसले. एरवी ते बसत नाहीत.

"सापडला," ते म्हणाले. "साडेएकोनतीस दिवस."

"काय साडेएकोणतीस?"

"फेरा. दर साडेएकोनतीस दिवसांनी बाप डुलतोय."

"म्हणजे आपल्या चंद्राएवढाच की!"

"तेच तर!" काकांचे डोळे भरले होते. "आपल्यासारखाच. निसर्गाला एक चाल जमली का त्यो ती दोनदा वापरतो."

त्या क्षणी माझ्या डोक्यात थोडा जरी उजेड पडला असता तर पुढचं टळलं असतं. पण मला आनंद झाला होता, आणि आनंदात मी फार काही बघत नाही. या वेळी ईमेल मी पुण्याच्या एका हौशी खगोल मंडळाला पाठवला, आणि चक्क उत्तर आलं. रविवारी त्यांचा मेळावा होता. काकांना दहा मिनिटं दिली होती. बोलायला दहा मिनिटं, आणि मागे लावायला एक पोस्टर. इतक्या वर्षांत कोणी काकांचं दहा मिनिटं ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला.

बातमी फुटली. प्लॉटची दलाली करणारा विलास दुकानात येऊन म्हणाला, "काका, तुमच्या चंद्रावर एनए प्लॉट पाडू या का? पाणी-रस्ता आपण देतो." काका म्हणाले, "आधी आमच्या गावात दिलेलं पानी दाखव भाड्या, मंग चंद्रावर जा!" मीही त्याच्यावर इतका ओरडलो की रांगेतल्या दोन बायका फॉर्म न भरताच गेल्या. गेल्या तर गेल्या.

पोस्टरवरून मात्र आमची दोघांची जुंपली. काका तारखा मानत नाहीत. खगोलवाले दिवस सरळ मोजतात. एक लांबलचक आकडा, त्यात रोज एक मिळवायचा. ना महिना, ना वार, ना सण. कॅलेंडरवर राग असलेल्या माणसाला याहून सुखाचं काय? मी म्हटलं, लोकांना तो आकडा समजणार नाही, साध्या तारखा टाकू. अर्धा तास भांडण. शेवटी मी न विचारता एका बटणासरशी सगळे आकडे तारखांमध्ये बदलले, पोस्टरच्या उजव्या बाजूला त्यांची यादी लावली आणि छापून टाकलं. मागच्या आणि त्याच्या मागच्या वर्षीच्या सगळ्या निरीक्षणांच्या तारखा.

शुक्रवारी सकाळी काका पोस्टर न्यायला आले, आणि बरोबर सुमनकाकी. काकी दुकानात पहिल्यांदाच येत होत्या. बारीक अंगकाठी, हातात पिशवी, पिशवीत रताळी आणि दूर्वांची जुडी. "म्हटलं ह्यांचा चंद्र बघावा तरी," काकी म्हणाल्या. मी काकांसाठी दोन वडे मागवले. काकांनी वड्यांचा कागद माझ्याकडे सरकवला, पोटावर हात ठेवून मान हलवली, आणि कॅलेंडर उलटं करून स्कूटरवर पोस्टर बांधायला दोरी शोधू लागले.

काकींनी चष्मा लावला. आलेख बघितले, बटूचं चित्र बघितलं, मग यादीवर बोट ठेवून सावकाश खाली उतरत गेल्या.

"अहो, ह्या तारखा कसल्या?"

"दुर्बिनीनं ज्या दिवशी बटू बघितला त्या."

"मंग पुनवेनंतरच का बघतात त्याला?"

"कोन म्हनतं?"

"ही बघा, ही आपल्या सुनीच्या पोरीच्या बारशाची तारीख. मी जेवले नव्हते, संकष्टी होती. आनी ही आदल्या महिन्यातली पुनव." काकींनी इकडेतिकडे बघितलं. "कॅलेंडर नाय का हो तुमच्याकडं?"

मी गाजराच्या वड्यांकडे बोट दाखवलं. काकींनी गठ्ठा उतरवला, सुलट केला, काउंटरवर पोस्टरशेजारी ठेवला. वरचं चालू वर्ष बाजूला केलं आणि खालची दोन वर्षं उघडली. यादीतली एक तारीख, कॅलेंडरवर बोट. दुसरी तारीख, बोट. पान उलटलं, पुन्हा बोट. एकूणएक तारीख पौर्णिमा ते संकष्टी, या चार-पाच दिवसांत पडत होती. अमावास्येच्या बाजूला एक नाही.

काका दोरी हातात घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की त्यांना सगळं कळलं आहे.

"शेजारच्याचा हाय," काका हळू आवाजात म्हणाले.

पुढे मला जे समजलं ते असं. मोठ्या दुर्बिणींवर अंधाऱ्या रात्रींसाठी मारामारी असते. चांदण्या रात्री बाकीच्यांना नको असतात. बटूचा प्रकाश मुळात उष्णतेच्या जातीचा, त्याला चांदण्याचा त्रास कमी, म्हणून त्या उरलेल्या रात्री बटू बघणाऱ्यांच्या वाट्याला येतात. म्हणजे बटू बघितला गेला तो फक्त आपला चंद्र मोठा असताना. मध्ये आकडे नाहीतच. ती महिन्याची लय बटूची नव्हती, वेळापत्रकाची होती. इतक्या लांबच्या आकड्यांत काकांना सापडला तो आपल्याच घरावरचा चंद्र. कॅलेंडरकडे एकदा जरी बघितलं असतं तरी दिसलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग काका भडकले. आधी दुर्बिणीवाल्यांवर, की आकडे देतात तर रात्री का सांगत नाहीत. मग माझ्यावर, की तारखा टाकायला कुणी सांगितलं होतं. मग स्वतःवर, आणि ते ऐकवेना. "फिटर म्हनवतो मी! जन्मभर पोरांना शिव्या घातल्या. जमिनीला कान लावला का मी? नाय लावला!" ते पोस्टर फाडायला धावले. मी पोस्टरवर दोन्ही हात पसरून आडवा झालो. म्हटलं, छापलंय मी, फाडायचं तर आधी मला फाडा. आम्ही दोघं ओरडत होतो, रस्त्यावर माणसं थांबली, आणि मला एवढा राग नेमका कुणाचा आलाय ते मलाच कळत नव्हतं. बहुतेक त्या चंद्राचा. दोन्ही चंद्रांचा.

"झालं?" काकी म्हणाल्या. "रविवारी जायचंय पुण्याला."

"कशाला? काय सांगू तिथं? माझी बायको उपास करती म्हनून चंद्र गेला?"

"मंग काय झालं? तेच सांगा. शर्ट शिवलाय."

काकांनी हातातली दोरी काउंटरवर टाकली. मग माझ्याकडे वळून खेकसले, "बघतोस काय? वरचं नाव बदल. लिही, साडेएकोनतीस दिवसांचा आवाज." मग पोस्टरच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. "खाली बारीक लिही, हा शेजारच्याचा हाय." मी लिहिलं. ते छापून होईपर्यंत त्यांनी खिशातून एक चिटोरं काढून पुढे टाकलं. त्यावर ९.४३.

माझं डोकं अजून तापलेलंच होतं. "आता हा कुठल्या ताऱ्याचा आकडा? चंद्र गेला ना तुमचा?"

"ह्यो जागेवर हाय," काका म्हणाले.

"कुठला तारा?" काकींनी चिठ्ठी हातात घेतली. "अहो, ही तर माझी. गॅसच्या वर चिकटवतात हे, दर संकष्टीला."

आणि मग त्यांनी सांगितलं. पूर्वेला आमच्याकडे घाटाची भिंत आहे. कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ छापतात ती सपाट मुलखाची. आपल्याकडे चंद्र डोंगरावर यायला अर्धा तास उशीर, आणि तोही दर महिन्याला वेगळा, कारण तो कधी ठाकूरवाडीच्या अंगाला निघतो, कधी भिवपुरीच्या. काकींना साखरेचा त्रास. एका संकष्टीला कॅलेंडर बघून नैवेद्याचं ताट घेऊन गच्चीवर गेल्या, चंद्र येईना, उभ्या राहिल्या, आणि तिथेच कोसळल्या. डोक्याला टाके पडले. "ह्यांचा देवावर इश्वास नाय. उपास सोड म्हनाले, मी नाय सोडला. मंग लागले डोंगर मोजायला. पुस्तकं आनली, कंप्युटर आनला. आता मी चिठ्ठीवरच्या वेळेला वर जाते, आनी चंद्र समोर असतो. तिथून जे लागलं ते हे खूळ."

"म्हणून कॅलेंडर उलटं करतात?" मी म्हणालो.

"उलटं? ते ह्यांनी केलं होतं?"

"काय सांगत बसलीस लोकांना!" काका ओरडले. त्यांचे कान लाल झाले होते. बाहेर एक टेंपो त्यांच्या स्कूटरला आडवा लागला होता. काकांना तो अगदी वेळेवर सापडला. ते तरातरा पायऱ्या उतरून ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची चौकशी करू लागले.

काकी दाराकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "एक इचारू? ह्या दिवशी घरात चूल उशिरा पेटते. मी म्हनते, तुमी कशाला उपाशी, खाऊन घ्या. तर म्हनतात, मी कर्जतला वडा खाऊन आलो. खातात ना हो खरंच?"

काउंटरवर चालू वर्षाचं कॅलेंडर सुलट पडलेलं होतं. आजच्या चौकोनात तांबड्या अक्षरांत संकष्टी छापली होती आणि खाली चंद्रोदय ९.१४. मला ते बिघडलेलं पोट आठवलं. मागच्या महिन्यातलं, त्याच्या मागच्या महिन्यातलं. प्रत्येक वेळी त्याच दिवशी चिठ्ठी होती. वडे माझ्या बाजूला, स्टुलावर, कागदात तसेच होते. मी गुडघ्याने ते स्टूल काउंटरखाली ढकललं.

"खातात म्हणजे काय?" मी जवळजवळ ओरडलोच. "आत्ताच, तुम्ही तारखा बघत होतात तेव्हा, दोन खाल्ले. वर मिरची मागून घेतली."